गिरधरच्या ओल्या केसांतली भुंगळी

मित्रांनो, तुटकी बटणं, सुया आणि संपलेल्या दोऱ्याची रिळं ठेवतात त्या पत्र्याच्या डब्यात मी राहते. मी केस गुंडाळायची एक जुनी नळी आहे. बोटभर लांब, हलक्या ॲल्युमिनियमची. माझ्या अंगभर बारीक भोकं आहेत आणि कडेला पोलादी पट्टीचा चाप आहे. ओल्या केसांची बट माझ्याभोवती गुंडाळून चाप लावला की भोकांतून वारा खेळतो. केस वाळतात आणि त्यांना वळण येतं. शहरात मला रोलर म्हणायचे. ब्राह्मणपुरीला आले आणि मी भुंगळी झाले.

माझी गोष्ट कौतुकाची नाही. एका चार वर्षांच्या लेकराचा ताप मला सगळ्यांच्या आधी कळला होता. पण मला तो कुणाला सांगता आला नाही. आठवलं की अजून माझा चाप घट्ट होतो.

माझा जन्म सुरतेच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापला, गोल वळवला, यंत्रानं टकटक भोकं पाडली आणि शेवटी चाप बसवला. आम्ही सहा जणी एका खोक्यात होतो. कॉलेजात शिकणाऱ्या प्रमिलाबाईंनी आम्हाला विकत घेतलं. त्यांचे वडील नंदुरबारला शिक्षक होते आणि सुरतेला त्या मामांकडे राहत. स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या मैत्रिणींच्या डोक्यावर बसलो. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी आरशासमोर माना वळवून वळवून स्वतःला बघत होत्या. "प्रमिला, तुझ्या या नळ्यांनी माझं घोड्याचं शेपूटसुद्धा माणसात आणलं," असं एक जण म्हणाली. माझ्या वाट्याला आलेली शाबासकी तेवढीच.

अठ्ठावन्न साली प्रमिलाबाईंचं लग्न झालं आणि त्या ब्राह्मणपुरीच्या गुजर घरात आल्या. घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं, शेत केळीचं आणि कपाशीचं. नवरा सुकलाल कष्टाळू आणि कमी बोलणारा. सासू जसोदाबाई. घरातल्या बायका केस धुऊन उन्हात पाठमोऱ्या बसत आणि वाऱ्यावर सुकवत. तिथे आमचं काय काम? आम्ही सहा जणी ट्रंकेच्या तळाशी गेलो. वर्ष गेलं. मग एका पावसाळ्यात वर खूप रडणं ऐकू आलं. प्रमिलाबाईंची पहिली लेक आठ महिन्यांची होऊन गेली. छातीचा विकार झाला होता, ज्यात लेकराला श्वास पुरत नाही आणि बरगड्या आत ओढल्या जातात. त्याला इकडे डबा म्हणतात.

पुढं गिरधर जन्मला. जसोदाबाईंनी त्याला मांडीवर घेऊन तापी मातेला नवस बोलला. पाच वर्षं पोराच्या केसांना लोखंड लागू देणार नाही आणि पाच वर्षांनी तापीकाठच्या प्रकाशा गावी नेऊन जावळ तिला देईन. लोखंड नाही म्हणजे कात्री नाही, वस्तरा नाही, केसांचा आकडासुद्धा नाही. फणी लाकडाची. दर सोमवारी डोक्यावरून न्हाणं आणि न्हाण्याच्या पाण्यात तापीचं चमचाभर पाणी. एक सोमवार चुकला तर नवस मोडला, असं जसोदाबाईंनी स्वतःलाच बजावून ठेवलं होतं.

चार वर्षांत गिरधरचे केस कमरेपर्यंत आले. घोंगडीसारखे दाट. सकाळी न्हालेलं डोकं दुपारपर्यंत ओलं राही आणि सदऱ्याची पाठ भिजून जाई. प्रमिलाबाईंची नजर त्या लेकरावरून हलत नसे. झोपेतही त्या त्याचा श्वास ऐकत. त्यांच्या ध्यानात आलं की सोमवारी न्हाणं झालं की मंगळवारी गिरधर खोकतो. दोन सोमवार बघितले, चार बघितले. मग त्यांच्या मनानं घेतलं की हे ओल्या केसांचंच काम आहे.

एकदा त्या भीतभीत म्हणाल्या, "आत्याबाई, थंडीमा दोन सोमवार डोकं नको धवाडूत का?"

जसोदाबाई ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "पहिलीना येळे नवस नव्हता. काय व्हयनं ते देखं ना तू?"

त्याच आठवड्यात ट्रंक उघडली आणि पाच वर्षांनी मला उजेड दिसला.

मित्रांनो, तेव्हा मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. पुढच्या सोमवारी जसोदाबाई देवळात गेल्यावर प्रमिलाबाईंनी मागच्या खोलीचं दार लोटलं. गिरधरचे केस पंचानं टिपले, सहा भाग केले आणि आम्हा सहा जणींवर गुंडाळले. पाठ कोरडी राहिली. शेजारी कोळशाची शेगडी ठेवली. अर्ध्या तासात डोकं वाळलं. मग नळ्या काढून त्यांनी वेणी घातली. दुसऱ्या दिवशी खोकला कमी होता. निदान प्रमिलाबाईंना तसं वाटलं. असे तीन सोमवार गेले. केसांना वळण पडे, ते मोडायला त्या वेणी घट्ट घालत. जसोदाबाई म्हणत, "आज पोऱ्यानं डोकं लवकर सुकनं वं." प्रमिलाबाई खाली बघत.

माझं अंग ॲल्युमिनियमचं, म्हणून नवसाला बाध नाही, अशी प्रमिलाबाईंनी मनाची समजूत घातली होती. चापाकडे त्या बघत नसत. मी मात्र माझा चाप कशाचा आहे हे जन्मापासून जाणत होते.

मग चौसष्ट सालचा तो जानेवारीतला सोमवार आला. आठवडाभर कडाक्याची थंडी होती. केळीची पानं कडेनं करपली होती आणि सुकलाल दोन दिवस शेतातच होते. थंडीपासून बाग वाचवायला तिथे पाचोळ्याचा धूर करायचा होता. सकाळी आभाळ भरलेलं होतं. ऊन नव्हतंच, उत्तरेचा वारा तेवढा होता. गिरधर न्हायला तयार होईना. एरवीही होत नसे, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. जसोदाबाईंनी न्हाऊ घातलं आणि त्या देवळात गेल्या. प्रमिलाबाईंनी आम्हाला काढलं. मला मानेजवळची खालची बट मिळाली. मी त्याच्या मानेला टेकले आणि चटका बसल्यासारखं झालं.

शेगडी अजून पेटलीही नव्हती, मित्रांनो. कोळसे काळेच होते. तरी ती कोवळी मान तव्यासारखी तापली होती.

मी काय करू शकत होते? मला तोंड नाही. थोड्या वेळानं कोळसे फुलले, खोली उबदार झाली, आम्ही सगळ्या जणी तापलो. प्रमिलाबाईंनी गिरधरच्या डोक्यावर हात ठेवला. डोकं ऊन लागलं. त्या समाधानानं पुटपुटल्या, "छान ऊब धरली." मूल पेंगत होतं, ते त्यांना शेगडीपुढची सुस्ती वाटली. गाल लाल होते, तो शेगडीचा उजेड वाटला. इतकी जागरूक आई, पण त्या उबेनं तिला फसवलं. आणि त्या उबेत मीही होते. अंगातला ताप कुठला आणि निखाऱ्याचा कुठला, हे माझ्यामुळे तिला कळेना.

तेवढ्यात शेजारच्या मंगलाबाई विरजण मागायला मागच्या दारानं आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"माय वं, हाऊ पोऱ्या शे का कांदास्नं वावर? डोकावर गड्डाच गड्डा." त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "आत्याबाई, आठे या. तुमना नातूनं लगीन शे का आज?"

जसोदाबाई नुकत्याच देवळातून येऊन पाय धूत होत्या. त्या तशाच ओल्या पायांनी आत आल्या. त्यांनी गिरधरकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"हाई कसानं शे?"

"ॲल्युमिनियम शे, आत्याबाई. आपली दूधनी पातेली ऱ्हास ना, तेच."

"आनि हाऊ चाप?"

प्रमिलाबाई पंचाची घडी घालू लागल्या.

"मी तुले इचारी ऱ्हायनी. चाप कसाना शे?"

"पोलादना."

"म्हंजे लोखंडना," जसोदाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मंगलाबाईंचं हसू विरलं आणि त्या विरजण न घेताच निघून गेल्या.

प्रमिलाबाई घरात अहिराणी बोलत. पण स्वतःची बाजू मांडायची झाली की त्यांच्या तोंडून शाळेची मराठी येई. "ओले केस पाठीवर घेऊन बसतो तो. म्हणून खोकतो. मी एकेक सोमवार पाहिला आहे. एक लेकरू गेलंय माझं, आत्याबाई. मी नुसती बघत बसू?"

"पुस्तकमाधलं बोलू नको. एक गयं ते मन्हंबी गयं. वारावर सुकाडेल केस कोन्हाले बाधस नही. आमना पोरे काय भुंगळ्या लायीसन मोठा व्हयनात?"

त्यांनी गिरधरला जवळ ओढलं आणि आम्हाला एकेक करून केसांतून उपसलं. दाराबाहेर अंगणात टण टण आवाज होत राहिला. पाच वेळा झाला. मी मानेखाली होते, जटेत गुरफटलेली. त्यांच्या हातांना मी लागले नाही. मग लोखंडाचा स्पर्श धुऊन काढायला त्यांनी तापीच्या पाण्याचा तांब्या आणला आणि सगळाच त्या डोक्यावर ओतला. जवळजवळ वाळलेले केस पुन्हा निथळू लागले. गिरधर रडलासुद्धा नाही. प्रमिलाबाई पुढं झाल्या तर जसोदाबाई म्हणाल्या, "हात लावू नको. आते वाराच सुकाडी."

त्यांनी नातवाला धाब्यावर नेलं. वाकळ अंथरली, उशाला उपडी टोपली ठेवली आणि तिच्यावर केस पसरले. स्वतः जवळ बसून जप करू लागल्या. त्यांना नातू नको होता असं नाही, मित्रांनो. त्यांनी स्वतःची शाल काढून त्याच्या पायांवर घातली होती. डोक्यावर मात्र वारा हवा होता.

वारा माझ्या भोकांतून शिट्टी घालत होता. माझ्या बाहेरच्या बाजूला हिवाळा होता आणि आतल्या बाजूला भट्टी. गिरधरचा श्वास मला मानेतून कळत होता. आधी भराभर, मग त्याहून भराभर. प्रत्येक श्वासाला मान किंचित मागे ओढली जाई. मी मनातल्या मनात ओरडत होते. जसोदाबाई, माळ खाली ठेवा. त्याचा सदरा वर करा. कुणीतरी त्याच्या बरगड्या बघा. पण माळ फिरत राहिली आणि खाली प्रमिलाबाई जिन्याच्या पायरीशी बसून राहिल्या. दोघी एकमेकींवर रुसल्या होत्या आणि मधल्या मधे एक मूल जळत होतं.

दीडेक तासानं प्रमिलाबाई उठून अंगणात आल्या. धुळीत पडलेल्या नळ्या गोळा केल्या आणि पदरात मोजल्या. पाच. पुन्हा मोजल्या. पाचच. सहावी केसांतच राहिली असेल तर सासूला पुन्हा दिसेल, या धास्तीनं त्या धाब्यावर आल्या. काही न बोलता वाकल्या, ओल्या केसांत बोटं घातली, जट सोडवली आणि मला बाहेर काढलं.

मी त्यांच्या तळव्यात पडले आणि त्यांचा हात तसाच राहिला.

धातूची नळी, दीड तास उघड्या धाब्यावर, उत्तरेच्या वाऱ्यात. ऊन नाही, शेगडी नाही. मी बर्फासारखी असायला हवी होते. मी गरम होते. चहा पिऊन नुकत्याच ठेवलेल्या पेल्यासारखी.

त्यांनी मला गालाला लावलं. मग गिरधरचा सदरा वर केला. मनगटावर वडिलांनी दिलेलं लहान घड्याळ होतं, त्याकडे बघत त्या श्वास मोजू लागल्या. मिनिटाला साठाच्या पुढे गेल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"आत्याबाई," त्या म्हणाल्या, "डबा शे."

जसोदाबाईंच्या हातातली माळ थांबली. हा शब्द त्या घरात पाच वर्षं कुणी उच्चारला नव्हता.

सुकलाल शेतातून जेवायला येतच होते. अंगणात पाय ठेवतात तोच प्रमिलाबाई लेकराला खांद्यावर घेऊन समोर आल्या.

"दमणी जुपा. शहादाले."

"केयीमा धूर लायेल शे, मी जरा..." त्यांनी बायकोचा चेहरा बघितला आणि वाक्य तिथेच टाकून दमणीचे बैल आणायला धावले.

शहाद्याचा रस्ता बैलांच्या पायांनी दोन तासांचा. सुकलालनी तो दीड तासात कापला. सगळी वाट मी प्रमिलाबाईंच्या मुठीत होते. मला खाली ठेवायचं त्यांना सुचलंच नाही. खड्डा आला की मूठ आवळे आणि माझा चाप त्यांच्या तळव्यात रुते. जसोदाबाई समोर बसल्या होत्या. गिरधरचे पाय त्यांच्या मांडीवर होते आणि ओल्या केसांचा गोळा दोघींच्या मधे लोंबत होता. एक जण पदरानं तो पिळी. मग दुसरी पिळी.

शहाद्याचे डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी कानात नळी अडकवून छाती तपासली, सुई दिली आणि मग विचारलं, "ताप कधीपासून?"

"आज सकाळपासून," प्रमिलाबाई म्हणाल्या. "न्हाल्यानंतर."

"इतकी छाती भरायला एक सकाळ पुरत नाही, बाई."

कोपऱ्यातून जसोदाबाईंचा आवाज आला. "काल सांजपासून."

प्रमिलाबाईंनी वळून बघितलं.

"काल सांजले आंग ऊन लागनं मले," जसोदाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "चुल्हापुढे बठेल व्हता, मन्हा मनले म्हंतं चुल्हानीच ऊब व्हई. मी बोलनी नही. बोलती तं तू सोमवार चुकाडती."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की चूक करणारी मी एकटी नव्हते. एकीनं चुलीची ऊब समजून गप्प राहायचं ठरवलं, दुसरीनं शेगडीची ऊब समजून समाधान मानलं. एकीनं नळ्या लपवल्या, दुसरीनं ताप लपवला. दोघींना लेकरू हवं होतं. दोघींना एकमेकींची भीती होती. प्रमिलाबाई काही बोलतील असं मला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली, कारण त्यांच्याही मुठीत मी होते.

डॉक्टरांनी गिरधरची मान उचलली. "हे डोकं आधी कोरडं करा. उशी भिजली, गादी भिजली."

"मी नळ्यांवर..." प्रमिलाबाई म्हणाल्या.

"खिडकीपाशी वारावर..." जसोदाबाई म्हणाल्या.

दोघी एकाच वेळी बोलल्या आणि एकाच वेळी थांबल्या.

"गुंडाळा नाहीतर वाऱ्यावर टाका, ते तुमच्या घरी," डॉक्टर म्हणाले. "इथे हे पोर थरथरतंय. मला डोकं आत्ता कोरडं पाहिजे."

जसोदाबाई उठल्या. मलमपट्टीच्या टेबलाजवळ गेल्या आणि तिथली कात्री उचलली.

"आत्याबाई, नवस शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. सकाळी भांडणारी तीच बाई, आता नवसाची बाजू घेत होती. "वरीसभरच बाकी शे. पंचानं पुसूत आपन."

"नवस मी बोलेल शे. तोडसू तं मीच तोडसू." त्यांनी नातवाच्या डोक्याशी बसून पहिली बट हातात घेतली. "तापी मायपुढे जाईसन मी कान धरसू. तू त्यानी मान धर. हालाले नको."

मला प्रमिलाबाईंनी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, कारण मान धरायला दोन्ही हात लागणार होते. तिथून मी सगळं बघितलं. ओल्या केसांतून कात्री नीट चालत नव्हती. तरी जसोदाबाई थांबल्या नाहीत. कापलेले केस खाली पडू न देता त्यांनी पदरात धरले. काम झाल्यावर उशी बदलली. गिरधरचं डोकं एवढंसं दिसू लागलं.

दोन दिवस काही खरं नव्हतं. सुई, काढा, पुन्हा सुई. प्रमिलाबाई श्वास मोजत आणि आकडा सासूला सांगत. जसोदाबाईंना घड्याळ वाचता येत नसे, पण आकडा वाढला की कमी झाला, एवढं त्या विचारत. बावन्न. पंचावन्न. अठ्ठेचाळीस. तिसऱ्या दिवशी दुपारी चाळीसच्या खाली आला. पाचव्या दिवशी गिरधरनं डोळे उघडून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कुरकुरला, "मन्हं डोकं कोनी लई गयं?"

तेव्हा त्या दोघी पहिल्यांदा रडल्या.

पुढं जसोदाबाईंनी पदरातले केस प्रकाशाला नेऊन तापीला दिले आणि पाण्यात उभ्या राहून दोन्ही कान धरले, असं प्रमिलाबाईंच्या बोलण्यातून कळलं. मला मात्र परत कुणाच्या केसांत जागा मिळाली नाही. माझ्या पाच बहिणी त्या दिवशीच्या धावपळीत पदरातून कुठं सांडल्या, कुणास ठाऊक. मी बटणांच्या डब्यात आले. तक्रार नाही.

आता घरात गिरधरची धाकटी बहीण आहे, तिचेही केस दाट. ते पंचानं घासून वाळवावेत की वाऱ्यावर, यावर सासू-सुनेचं अजून एकमत नाही. रोज थोडं वाजतं. पण तिच्या डोक्यावर पाणी पडण्याआधी दोघी तिला चुलीपासून लांब दारात नेतात. एक जण मानेला हात लावते, मग दुसरी लावते, पहिलीवर विश्वास नसल्यासारखी. आणि दोघी मोठ्यानं सांगतात, काय लागलं ते. गार लागलं तरी सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरीही लहान भावंड असेल. ते न्हायला नको म्हणालं, पेंगलं, गाल लाल दिसले, तर त्याला आधी चुलीपुढून उठवा. मानेला हात लावा. ऊन लागलं तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. तुम्हाला बोलणी बसतील म्हणून थांबू नका, कुणाचा सोमवार चुकेल म्हणून थांबू नका. केस कसेही वाळतात. मला बोलता येत नव्हतं, तुम्हाला येतं.